सगळ्या गावाच्या नशिबी लग्न

नव्या वर्षाची सकाळ उजाडली आणि राइनाच्या बेकरीपुढे अख्खं गाव भांडायला हजर! वर्षारंभाच्या बानित्सात, चीज भरलेल्या त्या खुसखुशीत पापुद्र्यांत, भविष्याच्या चिठ्ठ्या घालायच्या असतात. घर, प्रवास, तब्येत, लग्न, प्रत्येकाचा वेगळा गठ्ठा छापून आला होता. राइनाच्या भावाने, स्टोइचोने, चुकून एकच गठ्ठा कापून सगळीकडे भरला. चाळीस बानित्सा गावात गेल्या आणि तुकड्यातुकड्यांतून निघालं, 'यंदा लग्न!'

"माझा नवरा कुणाशी लग्न करतोय, तेवढं सांग!" सरपंचांची बायको कडाडली. "आणि पाद्रीबाबांची बायको बॅग भरून बसलीय!"

"पुढच्या वर्षी बानित्सा खालच्या गावातून आणू," मागून कोणीतरी म्हणालं. राइनाने ते ऐकलं. नवरा गेल्यावर तिने एकटीने वीस वर्षं राबून हे नाव कमावलं होतं.

"ताई, छापखान्यावर ढकलू या," स्टोइचो कुजबुजला.

"गप रे! घोळ तू घालायचास आणि बोलणी त्यांनी खायची?"

तिने दारावर खडूने लिहिलं: 'चूक आमचीच. चिठ्ठ्या बदलून मिळतील. शिवाय यंदा गावात जे लग्न लागेल, त्याची रिवाजाची मोठी रोटी आमच्याकडून फुकट.' मग परात भरून नव्या चिठ्ठ्या बाहेर आणल्या.

सरपंचांच्या बायकोने नवऱ्यासाठी एक उचलली. "लांबचा प्रवास? जाऊ दे मेल्याला, पण एकटाच!" सगळे खो-खो हसले. तासाभरात राग निवळला आणि लोक जाताना पावही घेऊन गेले. राइनाला हायसं वाटलं.

शेवटी उरला डोब्री, निवृत्त पोस्टमन. बायको जाऊन सहा वर्षं झाली, तरी हा रोज दोन पाव न्यायचा आणि त्यातला एक बदकांना घालायचा.

"तुमची चिठ्ठी द्या ना, बदलून देते."

"नको. माझी बरोबर आहे." तो कानापर्यंत लाल झाला. "तुझा तुकडा फोडलास का गं?"

तिचा तुकडा फळीवर तसाच झाकून होता. त्यात काय आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी तिने तो फोडला. चिठ्ठी वाचून तिला हसू आलं आणि डोळेही भरले.

"पण मग ती फुकटची रोटी?" ती म्हणाली. "नवरीनेच का भाजायची?"

डोब्रीने कोट काढून खुंटीला अडकवला आणि बाह्या सरसावल्या.

"पीठ कुठे आहे? आत्तापासून शिकायला लागतो."