पोपटीचा पाहुणा

"मावशी, ओवा जरा जास्त टाका हां," म्हणत उदयन साहेब शेतातल्या पेंढ्यावर फतकल मारून बसले, तशी छायाबाईच्या मनात पाल चुकचुकली.

माणसं जोडणारं ॲप काढून साहेबांनी देशभर नाव कमावलेलं, आणि इथे कोंडाणे गावातल्या फार्महाउसवर आले की स्वतःचा फोन मात्र गाडीत बंद. 'कंपनी म्हणजे माझं कुटुंब,' असं टीव्हीवर गहिवरून सांगायचे. दर हिवाळ्यात शेजारच्या छायाबाईच्या शेतावर पोपटी, म्हणजे मडक्यात भाजलेल्या शेंगा, खायला यायचे. अशाच एका पोपटीला त्यांनी तिच्या लेकीला, जागृतीला, नोकरी दिली होती. छायाबाईने गावभर पेढे वाटले होते.

आणि आता मंगळवारी जागृतीला मेल आला, उद्यापासून येऊ नका. शेकडो जणांना एकच मजकूर. पोरगी घरी येऊन दार लावून बसली होती; सकाळी शेंगा खुडायला तेवढी बाहेर पडली.

"सायबांना ठावं नसंल गं," नवरा भिवाजी सकाळीच म्हणाला होता. "ही खालच्यांची कामं. तू शब्द टाकून बघ."

ठाऊक नसेल तर शब्द टाकायचा. ठाऊक असेल तर तोंड वेंगाडायचं कशाला? मडक्यात भांबुर्ड्याचा पाला नि वालाच्या शेंगा भरताना छायाबाई साहेबांचा चेहराच निरखत होती.

साहेबांनी सगळं विचारलं. भिवाजीचा गुडघा, तांबडी गाय, जावेच्या घराचे पत्रे. दरवर्षी आल्या आल्या पहिला प्रश्न असायचा, "आमची जागृती कुठाय?" मडक्याभोवतीचा जाळ विझला, शेंगा पानावर आल्या, तरी ते नाव काही निघेना.

"सायेब, आमची पोरगी..." भिवाजीने सुरुवात केली.

साहेब एकदम मान खाली घालून शेंग सोलू लागले. छायाबाईला काय ते कळलं. असा संताप आला की मडकंच पालथं घालावं त्यांच्यापुढे.

"अवो, तुमी खावा आधी. निवतील," ती नवऱ्याला म्हणाली.

निघताना साहेबांनी दरवर्षीसारखा हात पुढे केला. "मावशी, माझ्या आईची पुरचुंडी?"

छायाबाईने केळीच्या पानात नेहमीएवढ्याच शेंगा बांधल्या. "आईंना सांगा, जागृतीनं खुडल्यात. ती आता घरीच असते."

साहेब पुरचुंडी घेऊन बांधावरून गाडीकडे गेले.

गाडी गेल्यावर भिवाजी शेताचं फाटक लावायला गेला आणि पुरचुंडी घेऊन परत आला. बांधावरच ठेवलेली होती म्हणाला.

छायाबाईने ती हातात घेतली. घरी जाऊन बंद दारावर थाप मारली.

"जागे, दार उघड गं. अजून गरम हायेत."