गव्हाच्या बिअरमधलं कडूपण

फाल्गुनातली ती दुपार पिवळी होती. पिकल्या केळीच्या सालीसारखी पिवळी, मऊ, जागोजागी सावल्यांचे काळे ठिपके पडलेली. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरून खारा वारा निघाला, सुरूच्या बनात रेंगाळला, केळीच्या फाटक्या पानांतून सळसळत बस्त्याव डाबरेच्या परसात शिरला. आणि तिथे, पत्र्याच्या पडवीत, मोठ्या टोपातला गव्हाचा गोड काढा मंद मंद बुडबुडत होता.

बस्त्याव जहाजावर आचारी होता. उत्तरेच्या कुठल्याशा धूसर, धुकेभरल्या बंदरात त्याने गव्हाची बिअर पहिल्यांदा चाखली आणि नोकरी संपल्यावर ती घरी करायला घेतली. साधीसुधी बिअर. मोड आणून सुकवलेला गहू, जव, पाणी, यीस्ट. आणि थोडे हॉप्स: त्या थंड मुलखातल्या वेलीची वाळलेली फुलं, दाबून केलेल्या हिरव्या गोळ्या.

फुलं कडू. पण त्या कडूपणावाचून गहू नुसता गोड, नुसता मिळमिळीत. थोडी कमी पडली तर सरबत होतं, थोडी जास्त पडली तर गव्हाचा गळा घोटला जातो. या दोहोंच्या मधली केसाएवढी वाट बस्त्याव काट्याने मोजत नसे. कापडात बांधलेल्या गोळ्यांची पुरचुंडी नाकाशी धरायचा, डोळे मिटायचा, एखादी गोळी घालायचा, एखादी काढायचा. त्याच्या नाकाची ख्याती साऱ्या वाडीत होती.

नाताळात ती वाट चुकली. पहिल्याच घोटाला त्याच्या बायकोचा, कार्मेलीनचा भाऊ इनास थबकला. "बस्त्याव, कडुनिंब वाटून घातलास काय रे यात?" मंडळी हसली. हसणं विरलं, आणि अर्धे भरलेले पेले टेबलावर तसेच राहिले. बस्त्यावने आपला पेला रिता केला. त्याला तर ती पाणचट लागली होती.

त्या दिवसापासून त्याच्या मनात संशय राहायला आला. मांजराच्या पावलांनी आला, आणि मांजरासारखाच ऊब धरून बसला.

हॉप्स पाठवणारा जुना माल खपवतो, असा संशय. कुंपणावरच्या मोगऱ्याला या वर्षी वासच नाही, रोपवाल्याने फसवलं, असा संशय. कार्मेलीन कालवणात मसाला चोरते, विचारलं की नजर चुकवते, असा संशय. पुढच्या खेपेला त्याने हट्टाने हॉप्स वाढवले, चांगले मूठभर वाढवले, आणि इनास ती पिऊन म्हणाला, "आता जमली बघ. अगदी पूर्वीसारखी."

मग वाढवलेलं कडूपण गेलं कुठे?

कुणीतरी हात घालत होतं. त्याच्या टोपात, त्याच्या हुन्नरात, त्याच्या पाठीमागे. आणि घरात दुसरे हात एकाच माणसाचे होते.

आज रेजिनाच्या, एकुलत्या एका लेकीच्या लग्नासाठी बिअर चढली होती. साऱ्या गावासमोर पेले भरले जाणार होते. त्याने पुरचुंडी बांधली, टोपाशेजारी ठेवली. "विहिरीवर जाऊन येतो," असं जरा मोठ्यानेच म्हणाला, आणि केळीच्या दाट, हिरव्या, हलत्या अंधारात जाऊन उभा राहिला.

पान हललं की पडवी दिसे. पान मिटलं की पडवी विझे.

पान हललं. कार्मेलीन आली होती. पान मिटलं. पान हललं. ती वाकली होती. पान मिटलं. पान हललं, आणि तिच्या बोटांत ती पुरचुंडी होती, गाठ सुटलेली, आणि हिरव्या गोळ्या एकामागून एक तिच्या ओंजळीत उतरत होत्या, चोरट्या, मुकाट, हिरव्या.

इतक्या वर्षांचा संसार त्याच्या कानशिलांत धडधडला. तो पडवीत आला तेव्हा त्याचा आवाज थंड होता.

"काय काढलंस त्यातून?"

ती दचकली नाही. "जास्त झालेलं काढलं."

"जास्त की कमी ते तू ठरवणार? गावासमोर माझं हसं करायचंय तुला?"

कार्मेलीनने ओंजळ मिटली. बराच वेळ ती त्याच्याकडे बघत राहिली, जत्रेत हरवलेल्या पोराकडे बघावं तशी.

"बस्त्याव, आत्ता इथे कसला वास येतोय, सांग."

त्याने छाती भरून श्वास घेतला. कोमट, ओलसर, रिकामा. "गव्हाचा," तो म्हणाला. "दुसरा कसला?"

तिने नुसती मान वळवली. पडवीच्या दुसऱ्या टोकाच्या चुलीवर, तव्यात, सुके बोंबील करपून कोळसा झाले होते. तो उग्र दर्प एव्हाना साऱ्या वाडीत पसरला असेल. शेजारच्या घराची खिडकी कुणीतरी लावून घेतल्याचा आवाजही आला. आणि बस्त्याव त्या दर्पाच्या मधोमध उभा होता, नाकाला काहीच न कळता, जसा बुडालेला माणूस पाण्यात उभा असावा.

तो खाली पायरीवर बसला.

"कधीपासून ठाऊक आहे तुला?"

"नाताळात कळलं. त्याआधी तुला ताप आला होता, त्यातच नाक गेलं तुझं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू रोज सकाळी मोगरा हुंगायचास आणि मोगऱ्यालाच नावं ठेवायचास. कसं बोलू? म्हटलं, येईल परत. तोवर मी सांभाळीन."

वारा पडला. केळीची पानं थबकली. जो संशय महिनोन् महिने दारोदार फिरत होता, तो अखेर स्वतःच्याच उंबऱ्याशी येऊन उभा राहिला; आणि बस्त्यावला त्याला आत घ्यावं लागलं.

काढा उकळत होता. काढ्याला थांबता येत नव्हतं. बस्त्यावने पुरचुंडीत उरलेल्या गोळ्याही तिच्या ओंजळीत ओतल्या आणि रिकामी पुरचुंडी तिच्यापुढे धरली. "किती घालू?"

तिने वास घेतला. थोड्या गोळ्या घातल्या. पुन्हा वास घेतला, एक काढली. "एवढंच," ती म्हणाली. त्याने गाठ मारली. गाठ नेटकी बसली, आणि त्याने पुरचुंडी टोपात सोडली.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी पहिली बाटली उघडली. ओट्यावर दोघंच. मावळतीचं ताम्रवर्णी ऊन, आणि पेल्यात तेच ऊन, गढूळ, फेसाळ. त्याने घोट घेतला. जिभेवर गारवा होता, बुडबुड्यांची टोचणी होती. बाकी काही नव्हतं.

"सांग," तो म्हणाला.

तिने घोट घेतला. "आधी केळं. पिकलेलं, पण फार नाही." थांबली. "मग लवंग, लांबून आल्यासारखी. मग गहू."

"आणि कडू?"

"आहे. सगळ्यात शेवटी. आलं आणि गेलं."

त्याने डोळे मिटले आणि तिच्या शब्दांवर दुसरा घोट घेतला. हातातला पेला निश्चळ राहिला. गव्हाची धूसर साय तळाकडे उतरू लागली, हळूहळू, कणाकणाने. आणि वरचं सोनं निवळत गेलं, निवळत गेलं, निवळत गेलं.