बॉयलरकाकांचं त्रैक्य

आमचे हे हॉस्पिटलच्या धुलाईघरात बॉयलर सांभाळतात. सव्वीस वर्षं झाली. सगळ्या वॉर्डांच्या चादरी आणि डॉक्टरांचे हिरवे डगले ह्यांच्याच बॉयलरच्या वाफेवर स्वच्छ होतात. शनिवारी मात्र हे लवकर सुटतात, हातांचा तेलकट वास साबणाने जेमतेम घालवतात आणि चार वाजता चर्चच्या मागच्या खोलीत तरुण संघाला देव शिकवतात.

शिकवतात म्हणजे गातात. चार वाक्यं बोलायची, पाचवं सुरात घ्यायचं, पोरांकडून म्हणवून घ्यायचं आणि मग पुन्हा बोलायला लागायचं. पेटीवर मी. कोरडा उपदेश माझ्या एका कानातून शिरतो आणि दुसऱ्यातून निघून जातो. गायलेला उपदेश भांडी घासतानाही पाठ सोडत नाही. पोरांचंही तसंच असावं. अकरा जण येतात, सतरा ते बावीस वयाचे, आणि या वयाची पोरं शनिवारी दुपारी लोखंडी खुर्च्यांवर आपण होऊन येऊन बसतात, हा मला तरी चमत्कारच वाटतो.

हेडबाईंना तसं वाटत नव्हतं. हेडबाई म्हणजे शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका आणि आता आमच्या चर्चच्या पंचमंडळाच्या प्रमुख. त्यांची चिठ्ठी आली. अक्षर मोत्यासारखं, मजकूर खड्यासारखा. "येता शनिवार सोडून त्यापुढच्या शनिवारी मी वर्गात बसेन आणि मुलांना देवाविषयी प्रश्न विचारीन. उत्तरं समाधानकारक नसतील, तर गाण्याचा प्रकार बंद करून प्रश्नोत्तरांची पुस्तिका सुरू करावी. ती मी स्वतः शिकवीन. गाणं लक्षात राहतं, पण देव राहतो का?"

"येऊ देत," हे म्हणाले. "आपली पोरं तयार आहेत."

तयार होतीच. दोन महिने आम्ही त्रैक्य शिकवत होतो, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव कसा, ते. भल्याभल्यांची बोबडी वळवणारा विषय. पण बॉयलरवाल्या माणसाला उपमा कुठे शोधायला जावी लागते? ह्यांनी गाणंच रचलं होतं:

बर्फ म्हणा, पाणी म्हणा, म्हणा हवं तर वाफ,
देव आपला एकच आहे, गणित अगदी साफ!

चाल अशी की ऐकली की चिकटलीच. आमच्या वर्गातला एक मुलगा दिवसभर काही ना काही गुणगुणतो, म्हणून त्याला सगळे रेडिओ म्हणतात. त्याने हे गाणं बसमध्ये म्हणून कंडक्टरकडूनही पाठ करून घेतलं होतं.

हेडबाई यायच्या आधीच्या शनिवारी ह्यांच्या डोक्यात आलं की पोरांना बॉयलरच दाखवावा. हॉस्पिटलच्या साहेबांची परवानगी काढली. अकरा जण पिवळ्या पट्ट्याच्या मागे रांगेत उभे राहिले, मी दाराशी. बॉयलरच्या पोटाला एक उभी काचेची नळी असते. आत पाणी किती आहे ते तिच्यात दिसतं. हे अगदी रंगात आले होते.

"काका," रांगेतून एक आवाज आला. ही आमची शंकासुर. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. वर्गात हिचा हात वर गेला की बाकीचे कपाळाला हात लावतात. "नळीतलं पाणी खाली का चाललंय?"

"वाफ होतेय ना! जेवढी वाफ, तेवढं पाणी कमी. म्हणून तर पंप लावलाय."

"म्हणजे जे वाफ झालं, ते पाणी म्हणून उरलं नाही?"

"कसं उरेल? ते वाफ झालं."

"मग प्रभू येशू, म्हणजे पुत्र, पृथ्वीवर आला, तेव्हा स्वर्गात पिता उरला नव्हता?"

"झाली सुरू!" रेडिओ पुटपुटला.

"आणि काका, क्रुसावर जायच्या आदल्या रात्री बागेत गुडघे टेकून प्रभू रडून प्रार्थना करत होता, ती कोणाला? स्वतःलाच?"

बॉयलर घोंघावत होता. ह्यांची नजर त्या नळीवर होती आणि चेहरा असा, की मला वाटलं, आत काही बिघडलंय की काय. बिघडलं होतंच, पण बॉयलरमध्ये नव्हे.

"पुढच्या आठवड्यात सांगतो," हे एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी उपासना संपल्यावर हे थेट पाळकसाहेबांकडे, म्हणजे आमच्या धर्मगुरूंकडे गेले. मी मागोमाग. पाळकसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि खुर्ची हलेपर्यंत हसले.

"अहो बॉयलरकाका, ही चूक तुमची नाही. सतरा-अठराशे वर्षं जुनी आहे! एकच देव तीन सोंगं घेतो, आज पिता, उद्या पुत्र, असं शिकवणारे तेव्हाही होते. चर्चने तेव्हाच सांगितलं, हे नव्हे."

"मग उपमा कोणती द्यायची?"

"द्यायलाच हवी का? प्रभूचा नदीतला बाप्तिस्मा आठवा. पुत्र पाण्यात उभा आहे. आत्मा कबुतरासारखा उतरतोय. पित्याची वाणी वरून येतेय, हा माझा लाडका लेक म्हणून. तिघे एकाच क्षणी तिथे आहेत. एक दुसरा झालेला नाही, आणि देव तीन झालेले नाहीत. जे घडलं ते सांगा, काका. देव कशासारखा आहे हे सांगायला जाल, तर फसाल."

घरी येताना मी जरा व्यवहाराचं बोलले. "ऐकता का, शनिवारी हेडबाई समोर बसणार. त्या दिवशी पाण्याचं गाणं घेऊच नका, दुसरं काहीतरी घ्या. वर्ग वाचू दे, मग सावकाश दुरुस्त करा."

हे रस्त्यातच थांबले. "नळीत पाणी कमी दिसतंय, साहेब तपासायला आलेत, आणि मी काचेवर फडकं टाकू?"

चूक कबूल करायची म्हणजे हेडबाईंच्या हातात आपणच कात्री देणं. आणि तो वर्ग गेला असता, तर ह्यांचा शनिवार नुसता रिकामा झाला नसता, माणूसच रिकामा झाला असता. ते मला ठाऊक होतं, कारण घरात त्यांच्यासोबत राहायचं मला होतं.

त्या आठवड्यात हे डबा खाताना, बूट घालताना, झडप फिरवताना पुटपुटत होते. बुधवारी चाल सापडली. शुक्रवारपर्यंत शेवटची ओळ बसेना. मी म्हटलं, बसेल. नाही बसली तर बोलून टाका.

शनिवार आला. हेडबाई चारला पाच कमी असताना आल्या. दारालगतची खुर्ची घेतली, वही उघडली, पेनाचं टोपण काढलं. पोरं एरवी एकमेकांच्या खुर्च्या ओढतात. आज हाताची घडी घालून बसली होती. रेडिओसुद्धा बंद.

हे उठले. मी पेटीचा भाता धरला, पण ह्यांनी हातानेच थांब म्हणून खूण केली.

"गेले दोन महिने मी तुम्हाला देवाबद्दल चुकीचं शिकवलं," हे म्हणाले. "बर्फ, पाणी, वाफ. ते गाणं आजपासून बंद. चूक माझ्या लक्षात आली नाही. ती हिने काढली." आणि सगळ्यांसमोर शंकासुराकडे बोट केलं. ती लालबुंद.

"काका!" रेडिओ कळवळला. "आता? अहो, आमच्या हाडात शिरलंय ते!"

"मग हाडातून काढू."

हेडबाईंचं पेन सरसर चाललं. मी मनात म्हटलं, गेला वर्ग.

आणि मग ह्यांनी बोलायला सुरुवात केली. नदी सांगितली, काठावरची गर्दी सांगितली. ज्याला पापच नाही तो पाप्यांच्या रांगेत कसा उभा राहिला, ते सांगितलं. एका तालेवार बापाने भर चौकात लेकाच्या पाठीवर हात ठेवावा, तसं आकाश कसं उघडलं ते सांगितलं. आवाज चढत गेला आणि कधी सुरात शिरला ते मलाही कळलं नाही. माझी बोटं आपोआप पट्ट्यांवर गेली.

पुत्र उभा नदीमध्ये, पिता बोले वरून,
आत्मा आला कबुतरागत अलगद उतरून.
कोणी नाही कोणाचं सोंग, कोणी नाही उणा,
एकच देव, तिघे जण, तरुणांनो, म्हणा!

पोरांनी म्हटलं. आधी चाचपडत. दुसऱ्यांदा जरा मोकळं. तिसऱ्यांदा खिडकीची तावदानं थरथरली.

"थांबा," हेडबाई उठल्या. "गाणं झालं. आता मी विचारते. म्हणजे देव तीन?"

"नाही, बाई!" अकराही जण.

"मग एकालाच तीन नावं?"

"नाही!" आता आधीपेक्षा मोठ्याने.

"मग कसं, ते समजावून सांग." पेन शंकासुराकडे वळलं.

ती उठली. "पूर्ण समजलेलं नाही, बाई. मला वाटतं, पूर्ण समजणारही नाही. पण बागेत प्रभू खरंच कोणाशी तरी बोलत होता. स्वतःशी नाटक करत नव्हता. ते आता नक्की माहीत आहे."

हेडबाईंनी वही मिटली. "एक शेवटचा प्रश्न. देव म्हणजे प्रीती, असं आपण म्हणतो. पण जग नव्हतं, माणूस नव्हता, देवदूतही नव्हते, तेव्हा देव कोणावर प्रीती करत होता?"

हा प्रश्न आमच्या गाण्यात नव्हता. उपदेशातही नव्हता. शंकासुर खाली बघायला लागली.

आणि रेडिओ उठला. हा मुलगा वर्गात आजवर प्रश्न म्हणून एकच विचारायचा: चहा कधी?

"बाई... पिता पुत्रावर." तो ओळ मनात म्हणून बघत असावा, ओठ हलत होते. "नदीपाशी म्हणाला ना तो, माझा लाडका. ते काय त्या दिवशी सुरू झालं असेल? आधीपासूनचंच असणार. आत्म्यासकट, तिघांचं. म्हणजे देव एकटा कधी नव्हताच." मग त्याचा आवाज एकदम मोठा झाला. "म्हणजे त्याला आपली गरज नव्हती! करमत नाही म्हणून नाही केलं त्याने आपल्याला. भरून वाहत होतं, म्हणून केलं!"

"अरे, पाण्याचं गाणं असतं तर हे उत्तरच नसतं!" शंकासुर ओरडली. "एकटाच असता तो!"

मग सगळेच एकदम बोलायला लागले. कोणी टाळ्या वाजवल्या, कोणी खुर्ची पाडली. हे भिंतीला टेकून उभे होते, डोळे भरलेले, आणि पुसायचं भान नाही.

हेडबाईंनी तो गोंधळ चालू दिला. शाळेत असत्या तर एका छडीत गप्प केलं असतं. "तीस वर्षं मी पुस्तिका शिकवली," त्या ह्यांना म्हणाल्या. "एकही मूल अडखळलं नाही. आणि एकानेही मला चूक दाखवली नाही. तेव्हा मला वाटायचं, माझी चूक होतच नाही." त्यांनी वहीतलं पान फाडलं, चार घड्या घातल्या आणि पर्समध्ये टाकलं. "वर्ग तुमचाच. पण पुढच्या वेळी उपमा सुचली, तर आधी मला सांगायची."

"सांगतो, बाई," हे म्हणाले.

"आता ते परत म्हणा. मला दुसरी ओळ नीट आली नाही."

त्या पोरांच्या मधल्या खुर्चीत जाऊन बसल्या. रेडिओने टाळीने ताल धरला. हेडबाईंचा आवाज जाडा, वरच्या पट्टीत पोहोचेना, तरी त्या मागे हटेनात. मी पेटी दोन सूर खाली आणली आणि सगळी खोली त्यांच्या पट्टीत गाऊ लागली.