आजोळचं रक्त

तोल्कूनच्या आजोळी आंधळेपण ऐन उमेदीत यायचं. आधी रात्रीचं दिसेनासं व्हायचं, मग कडेचं, आणि पोरं हाताशी येईपर्यंत समोरचंही. तिच्या दोन्ही मामांचं असंच झालं. नारिन नदीच्या वरच्या अंगाला डोंगरात ते गाव आहे. नाव इथेही नको.

या मामांपायीच ती राजधानीत, बिश्केकला जाऊन रेणवीय जीवशास्त्र शिकली. तिथले तिचे गुरू म्हणजे इशेनबेक आगाय; सरांना तिकडे आगाय म्हणतात. त्या काळात पगार महिनोन्‌महिने होत नसत आणि वीज कधीही जायची. नमुने वितळू नयेत म्हणून गुरू-शिष्येने अंगणातला बर्फ बादल्यांनी वाहिला होता. तोल्कूनच्या लग्नात वडिलांच्या जागी तेच उभे राहिले.

गावाकडून रक्त मिळवणं मात्र अवघड गेलं. बोभाटा झाला तर आमच्या मुली कोण करून घेणार, हाच प्रश्न घरोघरी. सायकालमावशी तिच्याबरोबर दारोदार फिरली. शेवटी सगळ्यांसमोर तोल्कूनने रोटी हातात धरून शपथ घेतली की गावाचं नाव बाहेर फुटणार नाही. रोटीची शपथ म्हटल्यावर लोकांनी बाह्या वर सारल्या.

तिची तरुणपणाची वर्षं त्या रक्तात गेली, पण जनुक सापडलं. डोळ्याच्या पडद्याला लागणारं एक प्रथिन अर्धवट बनत होतं. बिघडलेलं जनुक आई आणि बाप दोघांकडून आलं, तरच डोळे जायचे. शोधनिबंधात तिने गावाला नुसतं 'एक डोंगरी वस्ती' म्हटलं. ते वाक्य आगायांनी स्वतः तपासलं होतं.

आणि महिनाभरात त्याच आगायांनी टीव्हीवर गावाचं नाव घेतलं. मागे मामांचा फोटोही दाखवला. तोल्कून मुलांना जेवायला वाढत होती, ती हातात पळी घेऊन तशीच उभी राहिली. जीभ घसरली असेल, असं तिने स्वतःला रात्रभर समजावलं.

सकाळी तिने विचारलं, "आगाय, चुकून निघालं ना तोंडातून?"

ते चहा ओतत होते. "चुकून कशाला? नवी प्रयोगशाळा उभी करायची तर लोकांना माणसं दिसायला हवीत. डोंगरी वस्ती म्हटल्यावर कोण हात सैल सोडतो?"

"मी शपथ घेतली होती."

"तू घेतली होतीस, बाळा. मी कुठे घेतली?"

कप तिच्यापुढे सरकवत त्यांनी, त्याच आवाजात, तिच्या धाकट्याचा खोकला कसा आहे म्हणून विचारलं. ते रागावले असते तर ती भांडली असती. आपण इतकी वर्षं कुणाला वडील मानत आलो, हेच तिला कळेना. तिने चहाला हात लावला नाही.

तिकडे सायकालमावशीच्या लेकीचं, ऐझिरेकचं, लग्न ठरलेलं होतं. होणाऱ्या सासूने येऊन तिच्या कानांत कर्णफुलंही घातली होती. टीव्हीवरची बातमी कळताच तीच बाई परत आली आणि कर्णफुलं मागून घेऊन गेली. मावशी तडक बिश्केकला पोचली. तिने कोटही काढला नाही.

"माझ्या पोरीचं रक्त तुझ्याकडे आहे. ती निर्दोष आहे की नाही, सांग."

"आहे. तिच्यात ते बिघडलेलं जनुकच नाही."

"मग तसं लिहून दे. शिक्का मारून. मी त्यांच्या तोंडावर फेकते."

तोल्कूनला लिहून द्यावंसं वाटलं, पण हात पुढे होईना. एका घराला असा कागद मिळाला की ज्या घराला मिळणार नाही, त्याच्या कपाळी कायमचा डाग. आणि मिळू न शकणारी घरं बरीच होती. तिने हे मावशीला परोपरीने सांगितलं.

मावशीने ऐकून घेतलं. "तुझ्या गुरूने नाव विकलं, ते परक्याचं झालं. तुला तर मी घरोघर हिंडवलं," एवढं बोलून ती निघाली. त्यानंतर तोल्कूनचा फोन तिने उचलला नाही.

तोल्कूनने प्रयोगशाळा सोडली. आगायांनी थांबवलं नाही. रक्ताचे नमुने तेवढे ठेवून घेतले. ते संस्थेचे आहेत म्हणाले. आता ती एका दवाखान्यात मोतीबिंदूच्या रुग्णांचे डोळे तपासते. गावातून तिथे कुणी येत नाही.

पुढच्या हिवाळ्यात एकदा ऐझिरेक आली. ती शहरात शिवणाच्या कारखान्यात लागली होती.

"कागद का दिला नाहीस, ते मला कळलंय," ती म्हणाली. "पण राग गेलेला नाही, एजे." थोरल्या बहिणीला ती एजेच म्हणायची.

"जाऊही नये," तोल्कून म्हणाली.

ऐझिरेक थोडा वेळ बसली, चहा प्यायली. निघताना तिने एवढंच बजावलं, मी येऊन गेले हे आईला कळता कामा नये. तोल्कूनने होकारार्थी मान हलवली. शपथ तिने मागितली नाही, आणि हिनेही घेतली नाही.