पाऊण कुठं बसतं?

मी एक अंबाडीची दोरी बोलतेय. युसूफ वडगावच्या बाजारातून राधाकिशन सरांनी मला आणलं, तेव्हा वाटलं होतं, आता जन्म जाणार म्हशीच्या गळ्यात! पण सरांनी मला नेलं नांदूरघाटला, शिक्षकांच्या गणित प्रशिक्षणाला.

गावोगावी एसटीडी बूथ नव्यानं निघायचे ते दिवस. चहाच्या सुट्टीत निम्मे गुरुजी तिकडंच पळायचे. वनमालाबाई मात्र कोपऱ्यात बसून जांभया देत होत्या. त्यांच्या शाळेत चार इयत्ता एकाच खोलीत, अन् प्रशिक्षणात दरवर्षी तीच भाषणं.

सरांनी मला दोन खिडक्यांमध्ये ताणून बांधलं. "हे टोक शून्य, ते टोक एक. पाऊण कुठं बसतं, दाखवा बरं!"

धोंडीराम गुरुजींनी मला सोडलं आणि दोनदा दुमडलं. एका गुरुजींनी विती घातल्या. वनमालाबाईंनी आधी अर्धं धरलं, मग उरलेल्याचं निम्मं. तिघांची बोटं एकाच जागी!

"कोण चुकलं?" सरांनी विचारलं.

"कुणीच न्हाई," धोंडीराम गुरुजी म्हणाले.

"मग वर्गात समद्या पोरांना एकच रीत कावून शिकवायची?" सरांनी लगेच पुढचा सवाल टाकला.

वनमालाबाई ताठ बसल्या. त्यांच्या डोळ्यांपुढं चौथीतली शिवांजली उभी राहिली. हातच्याची वजाबाकी आली की पोरगी रडायची. तिची आई भिवराबाई तिला शाळेतून काढायचं म्हणत होती.

बाईंनी मला सरांकडून मागूनच घेतलं. घरी जाताना एसटीत मांडीवर घेऊन गाठी मारत गेल्या. दर दहाव्या गाठीला लाल चिंधी. मला नुसत्या गुदगुल्या!

दुसऱ्या दिवशी बाईंनी मला पटांगणात अंथरलं. पहिलीची पोरं गाठी मोजत पळाली. अभ्यासात पुढं गेलेल्यांना बाईंनी दोन गाठींमधलं पाऊण शोधायला लावलं. शिवांजलीला म्हणाल्या, "त्रेचाळीसवर उभी ऱ्हा. सतरा मागं ये. तुला जमंल तशी."

तेवढ्यात भिवराबाई आली. "बाई, हिचं नाव काढा. शेळ्या तरी राखंल."

शिवांजलीनं आईकडं पाहिलं, ओठ घट्ट मिटले, अन् दहा गाठींमागं पळाली. तेहतीस! तीन पावलं मागं, लाल चिंधी, तीस! आणखी चार पावलं...

"सव्वीस, बाई! सव्वीस!"

बाईंनी लगेच दुसरं गणित घातलं. शिवांजली ओसरीतल्या फळ्याकडं धावली, माझ्यासारखीच एक रेघ ओढली अन् उत्तर काढलं. मला हातसुद्धा लावला नाही! मी मात्र फुलून गेले.

भिवराबाई बघतच राहिली. मग चपला काढून माझ्याजवळ आली. "बाई, मला बी करू द्या की एक!"

सारी शाळा हसली. नाव काढायचं राहिलं ते राहिलंच.

आता माझे पीळ सैल झालेत, चिंध्यांचा रंग उडालाय. वनमालाबाई स्वतःच प्रशिक्षणं घेतात, मी त्यांच्या पिशवीतून गावोगाव हिंडते. आजही समोर नवे गुरुजी बसलेत, एकदोघं जांभयाही देतायत.

गुरुजी, मला कपाटात कोंडू नका. पोर जिथं अडेल तिथं अंथरा. झिजले तर झिजू द्या, अंबाडी दरसाल उगवतेच! बाईंनी पिशवीत हात घातला बघा. येते मी, आता ताणून घ्यायचंय!