नुरै सामींचा काळा फेस

टी. नगरातल्या साडीच्या दुकानावरचा मंडपम सकाळी नऊलाच गच्च भरला होता. स्टेजवर काचेचा मोठा बुधला. त्यात पाणी, मूठभर करडी विभूती आणि तीन थेंब तीर्थ. रोग्याने नळीने फुंकायचं, की काळाकुट्ट फेस वर चढायचा आणि लोक हात जोडायचे. तमिळमध्ये फेसाला नुरै म्हणतात, म्हणून हे नुरै सामी.

"देह खाली, रोग वर!" सामी गर्जत. "वर आला तो गेला. आता औषध म्हणजे विष."

माझा संताप होत होता, कारण पुढचा नंबर माझ्या कनकाअक्काचा होता. एकवीस वर्षं इन्सुलिन घेणारी बाई, पण सामींवर भरवसा ठेवून तिने कालपासून सुई घेतली नव्हती. ओठ सुकले होते, उभं राहवत नव्हतं.

"अक्का, जाऊनको."

"बोलूनको रे. माझा रोग मी डोळ्यांनी पाहणार."

माझी मुलगी रंजनी गिंडीच्या एका प्रयोगशाळेत आहे. दगडाचा चुरा पाण्यात घालून खालून हवा सोडतात आणि हवं ते खनिज फेसाबरोबर वर काढतात. त्या टाकीतले बुडबुडे मोजायचे, हे तिचं काम. आदल्या दिवशी इथलं चित्रण करून तिने सवयीने इथलेही बुडबुडे मोजले. दम्याच्या म्हाताऱ्याचे आणि धिप्पाड ड्रायव्हरचे सारखेच निघाले, मोहरीहून बारीक.

"अप्पा, साध्या पाण्यात फुंकलं तर मोठाले येतात," ती मला म्हणाली होती. "हे त्या तीर्थाचं काम. त्याला आमच्या टाकीत फेस टिकवायला घालतात त्या तेलाचा वास आहे."

अक्काने नळी हातात घेतली, तशी रंजनी स्टेजवर चढली. नळी काढून घेऊन तिने नळीला फुगे फुगवायचा हातपंप जोडला. दोन सेवक धावले, मी आडवा आलो. पाच दट्टे झाले, सहा झाले, काहीच होईना. मग बुधल्याच्या तोंडाशी काळा फेस जमू लागला.

"सामी, हा कुणाचा रोग?" रंजनीने विचारलं. "पंपाला मधुमेह आहे का?"

"पंप पाप्याचा आहे," सामी म्हणाले. मागे कुणीतरी हसलं.

"विभूतीत पेन्सिलीतलं काळं ग्राफाइट मिसळलंय," रंजनी लोकांकडे वळली. "ते पाण्याला टाळतं, बुडबुड्याला चिकटतं आणि वर येतं. राख भिजते, खाली बसते. तेलाने बुडबुडे बारीक होतात, फेस टिकतो. कुणीही फुंका, हेच होणार."

अक्का तिथेच खाली बसली. "मग माझा रोग?"

"आतच आहे, आत्या."

अक्का रडू लागली आणि म्हणाली, "सुई दे गं."

फेस खरा होता, सगळ्यांनी पाहिला होता. तो कशाने येतो, हे तेवढं कुणी विचारलं नव्हतं. तुम्ही विचारा. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध बंद करू नका.