तळमजल्यावरचं घर

वासंतीनं चहाचं आधण ठेवलं होतं तेवढ्यात सौम्याचा फोन आला. इतक्या सकाळी सौम्याचा फोन म्हटल्यावर वेगळं काही ऐकायचं उरलंच नव्हतं. तिचे सासरे, नवव्या मजल्यावरचे भीमाचार्य, पहाटे हॉस्पिटलातच वारले.

"अक्का, अप्पांना घरी आणायचंय," सौम्या म्हणाली. तिचा आवाज अगदी कोरडा होता. "प्रणीत मस्कतहून निघालाय. दुपारी उतरेल. तोवर अम्मा म्हणते, घरीच असू देत."

"आण. मी बघते खाली काय ते."

फोन ठेवल्यावर आपण काय कबूल करून बसलो हे तिच्या ध्यानात आलं. तिनं गॅस बारीक केला आणि ओट्याला टेकून नुसती उभी राहिली.

वासंती संपिगे एन्क्लेव्हच्या असोसिएशनची सेक्रेटरी होती. टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन ती आणि नवरा वादिराज चामराजपेटेतलं भाड्याचं जुनं घर सोडून सर्जापूर रोडच्या या अपार्टमेंटमध्ये राहायला आले. वादिराजचे गुडघे दुखायचे म्हणून मुद्दाम तळमजला घेतला. पहिल्याच वर्षी कुणीतरी म्हणालं, मॅडम, तुम्हाला वेळ असतो, कन्नडही येतं आणि मराठीही, तुम्हीच व्हा सेक्रेटरी. तेव्हापासून दरवर्षी सभेत ती सांगायची की आता दुसरं कुणीतरी बघा, आणि दरवर्षी सगळे आपापल्या मोबाइलमध्ये डोकं घालून बसायचे. टँकर आला नाही, वरच्या मजल्यावर खुर्च्या ओढतात, अमक्याच्या कुत्र्यानं लिफ्टमध्ये घाण केली. सगळं तिच्याच दारात यायचं. पूर्वी ती भांडणं सोडवायची. हल्ली नुसती ऐकून घ्यायची, आणि गंमत म्हणजे त्यानंही बरीचशी मिटायची.

पण आजचं तसं मिटणारं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी सोसायटीतले एक गृहस्थ गेले, तेव्हा त्यांना दिवसभर खालच्या पोर्चमध्ये ठेवलं होतं. शाळेतून परतलेली मुलं घाबरली, एका बाईंना उदबत्तीच्या धुरानं दम लागला, आणि पुढच्या वार्षिक सभेत ठराव झाला: मृतदेह सामाईक जागेत, म्हणजे पोर्च, लॉबी, क्लब हाउस यांपैकी कुठेही ठेवता येणार नाही. हात वर करून मतं घेतली. भीमाचार्यांनी त्या सभेत काय केलं होतं ते वासंतीला आठवेना. बहुधा ते आलेच नव्हते.

पण मग घरी न्यायचं तरी कसं? दोन्ही लिफ्ट लहान. त्यांत स्ट्रेचर आडवं मावत नाही. जिना चढवावा तर वळणावर अडकतं. शिवाय मुलगा येईपर्यंत बर्फाची पेटी लागणार, आणि ती वर नेणं तर लांबचीच गोष्ट.

तिनं अध्यक्षांना फोन लावला. कृष्णमूर्ती म्हैसूरला मुलीकडे गेले होते. सेक्रेटरीला त्यांची गरज पडली की ते बहुतेक वेळा म्हैसूरलाच असत.

"खूप वाईट झालं मॅडम," ते कन्नडमध्ये म्हणाले. "सज्जन माणूस. पण पोर्चचं तुम्ही बघताय ना, ठराव आहे. आज आपण सूट दिली तर उद्या सगळेच मागतील."

"सगळेच मरणार आहेत म्हणा," वासंती म्हणाली.

"तसं नाही मॅडम. हॉस्पिटलच्या शवागारातच ठेवलं तर? मुलगा आला की तिथूनच परस्पर नेता येईल. सगळ्यांच्याच सोयीचं."

सौम्याला हे सांगून बघावं असं वासंतीला क्षणभर वाटलंही. तिनं फोन केला. पण फोन मथुराअक्कांनी उचलला. मथुराअक्का म्हणजे आचार्यांच्या पत्नी. पंचाहत्तरीच्या, बारीक चणीच्या. एरवी सोसायटीत कुणाच्या अध्यात ना मध्यात.

"वासंती, तीन आठवडे झाले गं तिथं. रोज विचारायचे, घरी कधी, घरी कधी. मी म्हणायची, उद्या." त्या थांबल्या. "तो हॉस्पिटलवाला म्हणतो, लिफ्टमध्ये उभं करून नेता येईल, पट्ट्यांनी बांधून. तसं नको करू देऊस. त्यांना उभं नको करू देऊस."

"नाही करणार," वासंती म्हणाली.

ती बाहेर आली तर पोर्चमध्ये फुग्यांची कमान उभी राहत होती. दुसऱ्या मजल्यावरचा ऋतुराज शिडीशी उभा राहून सूचना देत होता. तो पुण्याचा, इथे आयटीत. आज त्याच्या मुलीचा, भव्याचा, पाचवा वाढदिवस होता आणि क्लब हाउस त्यानं महिन्याभरापूर्वीच बुक केलं होतं. त्याला बातमी कळली होती.

"काकू, मला खरंच वाईट वाटतंय," तो शिडीपासून बाजूला येत म्हणाला. "पण ग्रुपवर कुणीतरी टाकलंय की बॉडी पोर्चमध्ये ठेवणार म्हणून. पाच वाजता चाळीस मुलं येणार आहेत, सगळी इथूनच आत जाणार. मी सगळ्यांना आता काय सांगू? पार्टी कॅन्सल करू का? तुम्ही सांगा, करतो."

तो मनापासून विचारत होता. त्यामुळे ते जास्तच जड झालं. त्यानं हुज्जत घातली असती तर वासंतीला सोपं गेलं असतं.

"कॅन्सल कशाला करतोस? पोर्चमध्ये नाही ठेवणार."

"मग कुठे?"

वासंतीचं लक्ष आपल्याच घराकडे गेलं होतं. तिच्या हॉलला बागेच्या बाजूनं एक रुंद सरकतं दार होतं. सोफा घेतला तेव्हा तो त्या दारातूनच आत आणला होता, न तिरका करता.

वादिराज हॉलमध्ये पेपर वाचत होता. ती समोर उभी राहिली आणि म्हणाली, "आचार्यांना आपल्याकडे ठेवू या. प्रणीत येईपर्यंत."

त्यानं पेपर खाली केला. चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. "आपल्याकडे म्हणजे? या हॉलमध्ये?"

"हो."

"घरात देव आहेत, वासंती."

"माहीत आहे."

"तू सेक्रेटरी आहेस. धर्मशाळा नाहीस." हे तो चिडून बोलला नाही. गेली काही वर्षं तो या विषयावर चिडेनासा झाला होता. "तुला कुणी सांगितलंय का? कुणी एक माणूस तरी म्हणालं का, की आम्ही करतो?"

"नाही. मथुराअक्का म्हणाल्या, त्यांना उभं करून नेऊ नका."

वादिराज उठला, गुडघ्यावर हात टेकत देव्हाऱ्याशी गेला, शाळिग्राम त्याच्या चांदीच्या डबीत ठेवला आणि डबी उपरण्यात गुंडाळून तिसऱ्या मजल्यावरच्या हयवदन या शेजाऱ्याकडे ठेवायला निघाला. दारात थांबून म्हणाला, "सोफा एकटी ओढू नकोस. मी येतो."

पण ती थांबली नाही. सोफा भिंतीला सरकवला, टीपॉय बेडरूममध्ये नेला, टीव्हीवर चादर टाकली. भिंतीवर मुलाच्या लग्नाचा फोटो होता. तो काढावा की ठेवावा हे तिला ठरवता येईना. शेवटी तिनं तो तसाच ठेवला.

गाडी बागेच्या बाजूनं आणली. पेटी सरकत्या दारातून आडवीच आत आली. भीमाचार्यांना तिनं इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. रोज सकाळी ते खाली येऊन बागेतल्या तुळशीची चार पानं घ्यायचे आणि खिडकीत ती दिसली तर "सरी का, वासंती" म्हणायचे, म्हणजे बरं आहे ना. तेवढीच ओळख. आता पेटीच्या काचेवर बाष्प धरलं होतं आणि मथुराअक्का पदरानं ते पुन्हा पुन्हा पुसत होत्या.

दुपारभर माणसं आली, गेली. सौम्याचे नातेवाईक येलहंक्याहून आले. सोसायटीतलेही बरेच आले. ग्रुपवर ज्यांनी सकाळी नियमाची आठवण करून दिली होती, त्यांतलेही दोघेतिघे येऊन हात जोडून गेले. वासंती येणाऱ्याला पाणी देत होती, चपला बाजूला सारत होती. वादिराज पेटीच्या डोक्याशी चटईवर बसून हलक्या आवाजात स्तोत्रं म्हणत होता. त्याला तसं बसायला त्रास होत होता. पाय बदलायचा, पण उठला नाही.

मुलाचं विमान वेळेवर उतरलं. पण विमानतळ शहराच्या एका टोकाला आणि सर्जापूर रोड दुसऱ्या. सौम्या फोनवर सारखी विचारत होती, कुठे आलास. हेब्बाळ. अजून हेब्बाळच. पाच वाजले आणि पलीकडून मुलांचा गलका ऐकू यायला लागला. गाणी लागली, मग कुणीतरी ती अगदी बारीक केली. थोड्या वेळानं ऋतुराज सरकत्या दाराशी आला. त्यानं बाहेरच बूट काढले, आत पाऊल न टाकता हात जोडले आणि खाली मान घालून परत गेला. कपाळावर केकचं क्रीम लागलेलं होतं, ते त्याला माहीत नसावं.

प्रणीत आला तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. तो सरळ नवव्या मजल्यावर जायला निघाला होता. लिफ्टशी त्याला कुणीतरी अडवून इकडे आणलं. हॉलच्या दारात तो क्षणभर गोंधळून उभा राहिला. ओळखीचा नसलेला सोफा, चादर टाकलेला टीव्ही, कुणाच्यातरी लग्नाचा फोटो. मग त्याला आई दिसली.

पुढचं भराभर झालं. विद्युतदाहिनी बंद व्हायच्या आत पोचायचं होतं. गाडी बागेच्या वाटेनं गेली, आणि घर एकदम मोठं वाटायला लागलं. वासंतीनं फरशी धुतली. पुसता पुसता पाठीत उसण भरली, तेव्हा तशीच भिंतीला टेकून ओल्या फरशीवर बसली. वादिराजनं तिच्या हातातलं फडकं घेतलं आणि उरलेलं स्वतः पुसलं.

महिन्यानंतर वार्षिक सभा होती. वासंतीनं विषयपत्रिकेत एक विषय घातला होता: पोर्चचा ठराव बदलावा. गणपूर्ती नेहमीप्रमाणे झाली नाही. नेहमीप्रमाणे अर्धा तास थांबून, आले तेवढ्यांत सभा सुरू केली. ती थोडं इंग्रजीत, थोडं कन्नडमध्ये बोलली. कुणावरही अशी वेळ येऊ शकते, लिफ्ट लहान आहेत, पोर्चमध्ये पडदा लावून काही तास परवानगी द्यावी.

लोकांनी माना डोलावल्या. मग चर्चा सुरू झाली. धुराचं काय, मुलांचं काय, फ्लॅटच्या भावाचं काय. कृष्णमूर्ती म्हणाले, भावना समजते, पण एकदा सूट दिली की... वाक्य त्यांनी तिथेच सोडलं.

मग ऋतुराज उठला. त्याला मदतच करायची होती. "मला वाटतं, आपण उगाच कॉम्प्लिकेट करतोय," तो म्हणाला. "त्या दिवशी काकूंनी किती सुंदर मॅनेज केलं. पार्टीलाही प्रॉब्लेम नाही, त्या फॅमिलीलाही नाही. तळमजल्यावर काकूंचं घर आहेच. असं कधी झालंच तर तिथेच..."

दोनतीन जण म्हणाले, हो, तेही बरोबर आहे. कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. वासंतीच्या हातातलं पेन थांबलं. तिला राग यायला हवा होता. तो आला नाही, नुसतं अंग जड झालं. आता आपण काहीच बोलू शकणार नाही, हेही असंच मंजूर होऊन जाईल, असं तिला वाटलं.

मागच्या रांगेत खुर्ची सरकली. वादिराज उभा राहिला होता. तो सभेत कधी येत नसे. आज का आला ते तिनं विचारलंही नव्हतं.

"आमचं घर मिळणार नाही," तो म्हणाला. मराठीत म्हणाला, मग तेच कन्नडमध्ये सांगितलं. "त्या दिवशी आम्ही दार उघडलं ते आमच्या मनानं. त्याचा तुम्ही नियम करू नका. ती वर्षानुवर्षं तुमचं सगळं घरात घेत आलीय. आता प्रेतंही आमच्याकडेच पाठवणार असाल तर पोर्च कशाला ठेवलाय तो सांगा. फुगे लावायला?"

ऋतुराजचा चेहरा उतरला. "सॉरी काका, मला तसं म्हणायचं नव्हतं," असं तो पुटपुटला, आणि ते खरंही होतं.

मतं घेतली. ठराव बदलला, थोडा का होईना. चार तास, पडदा लावून, सेक्रेटरीच्या परवानगीनं. मग नवीन सेक्रेटरीचा विषय निघाला. वासंती म्हणाली की आता दुसरं कुणीतरी बघा. सगळे मोबाइलमध्ये बघायला लागले. बराच वेळ गेल्यावर ऋतुराज म्हणाला, पार्किंगचं तेवढं मी बघतो, बाकीचं काकूंकडेच राहू दे. तेवढं तरी, असं म्हणून तिनं ते लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ती नवव्या मजल्यावर मथुराअक्कांना हे सांगायला गेली. हल्ली त्या खाली दिसतच नव्हत्या. तुळशीपाशीही नाहीत. सौम्यानं चहा ठेवला.

मथुराअक्कांनी सगळं ऐकून घेतलं. "बरं झालं," त्या म्हणाल्या. मग बांगड्या वरखाली करत राहिल्या. "वासंती, राग मानू नकोस. तू माझ्यासाठी जे केलंस ते पोटच्या पोरानंही केलं नसतं. पण तुमच्या दारावरून मला जाववत नाही गं. ती बाग, ते काचेचं दार. मी मागच्या गेटनं जाते हल्ली."

"मला कळलं होतं," वासंती म्हणाली. खरं तर तिला कळलं नव्हतं. तिला वाटलं होतं, म्हातारं माणूस आहे, घरातच बसत असेल.

"होईल सवय. स्वल्प दिवस जाऊ देत."

"जाऊ देत," वासंती म्हणाली.

चहा आला. दोघींनी तो घेतला. नवव्या मजल्यावर वारा चांगला येत होता. वासंतीनं खुर्चीच्या पाठीला डोकं टेकलं. पर्समध्ये फोन थरथरला, पुन्हा थरथरला. तिनं तो काढला नाही.

"झोप जरा," मथुराअक्का म्हणाल्या. "दमलेली दिसतेस."